ग्राफिक्स कार्ड निवडण्याआधी कॅबिनेट उघडा

वाचकाचा प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शिक्षकांचे पत्र आहे. त्यांची मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असून कॉलेजला रोज घरूनच ये-जा करते. घरी २०१८ च्या सुमाराचा, एखाद्या कार्यालयातून निघालेला आणि नंतर रिफर्बिश्ड म्हणून विकत घेतलेला ब्रँडेड टॉवर डेस्कटॉप आहे. त्यात आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि २६० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी आतली पेटी) आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर १९ इंची असून त्याला फक्त व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी आहे. स्केचअप या त्रिमितीय आराखड्याच्या प्रोग्रॅममधील मॉडेल मोठे झाले की मशीन अडखळते आणि रेंडरिंगचा, म्हणजे मॉडेलवरून खरे वाटणारे चित्र काढण्याचा, प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. मागच्या सबमिशनच्या आदल्या रात्री मुलीला मैत्रिणीच्या घरी जाऊन काम संपवावे लागले. पुण्यातील भाचा म्हणतो की आरटीएक्स ४०६० हेच ग्राफिक्स कार्ड घ्या, पण जुना प्रोसेसर ‘बॉटलनेक’ करील, म्हणजे कार्डाचा वेग अडवील, म्हणून तोही बदला. गावातील दुकानदाराने तेच कार्ड २९,५०० रुपयांना सांगितले असून ‘एसएमपीएसला कनव्हर्टर लावून चालवून देतो’ असे आश्वासन दिले आहे. पत्रलेखकांनी ३५,००० रुपये बाजूला काढले आहेत. ते विचारतात : आमच्या मशीनला सूट होणारे आणि पुढची पाच वर्षे पाहावे लागणार नाही असे कार्ड कोणते? शेवटी त्यांनी एक शंकाही मांडली आहे : धाकटा मुलगा दहावीत आहे, आणि या मागणीमागे खरा हात त्याच्या गेमचा असावा.

उत्तर :

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी शब्द ‘२६० वॉटचा एसएमपीएस’ हे आहेत. अशी पत्रे मला बऱ्यापैकी येतात आणि त्यांत प्रोसेसरचे नाव असते, रॅम असते, कधी कधी मशीन घेतल्याची तारीखही असते. हा आकडा मात्र क्वचितच असतो, कारण तो कळण्यासाठी कॅबिनेटचे झाकण काढून आतल्या पेटीवरचा स्टिकर वाचावा लागतो. तुम्ही तो वाचला आहे, म्हणजे अर्धे काम झालेले आहे. उरलेल्या अर्ध्या कामात कार्डाचे नाव सर्वांत शेवटी येते, आणि हे उत्तरही त्याच क्रमाने लिहिते.

‘सूट होणारे कार्ड’ या शब्दांपासून सुरुवात करू. मदरबोर्डावरील ज्या लांब खाचेत ग्राफिक्स कार्ड बसते ती पीसीआय एक्सप्रेस पद्धतीची असते. ही पद्धत २००३ मध्ये आली आणि तिच्या पुढच्या सर्व आवृत्त्या मागच्यांशी जुळवून घेणाऱ्या आहेत. तुमच्या मशीनमध्ये तिसरी आवृत्ती आहे आणि नवी कार्डे चौथ्या किंवा पाचव्या आवृत्तीची आहेत, तरीही ती तुमच्या खाचेत बसतील आणि चालतील. त्यामुळे दुकानदार जेव्हा ‘बसते, काही प्रॉब्लेम नाही’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण ते उत्तर एका वेगळ्याच, सोप्या प्रश्नाचे असते. खाचेत काय बसते हा अडचणीचा मुद्दा जवळपास कधीच नसतो. त्या कार्डाला वीज कुठून मिळणार, ते कॅबिनेटमध्ये मावणार का, मॉनिटरपर्यंत चित्र कसे जाणार आणि मुळात अडचण कार्डाचीच आहे का, हे चार प्रश्न खरे आहेत.

विजेचा हिशेब थोडा सविस्तर करते, कारण दुकानदाराचा कनव्हर्टर नेमका इथेच येतो. पीसीआय एक्सप्रेसची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते. त्याहून अधिक लागले तर एसएमपीएसमधून थेट कार्डापर्यंत वेगळी केबल न्यावी लागते. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॉटसाठी आणि आठ पिनांची १५० वॉटसाठी असते. आरटीएक्स ४०६० ची गरज ११५ वॉटची आहे, म्हणून त्याला सहसा आठ पिनांची केबल लागते. तुमच्या एसएमपीएसला ती केबल नाही, आणि हे काही योगायोगाने घडलेले नाही. कार्यालयात टायपिंग आणि हिशेब करण्यासाठी बनवलेल्या मशीनला असे कार्ड कधी लागणार नाही असे गृहीत धरूनच ती रचना केलेली असते. नसलेली केबल हीच त्या एसएमपीएसची मर्यादा सांगणारी खूण समजावी.

दुकानदार जो कनव्हर्टर म्हणतो तो बहुधा हार्ड डिस्कला जाणारी साटा केबल आठ पिनांत बदलणारा असेल. साटाच्या जोडणीतील बारा व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार अँपिअर प्रवाहासाठी असतात, म्हणजे ५४ वॉट. तुम्ही गणिताचे शिक्षक असाल तर लगेच म्हणाल की ११५ मधून खाचेचे ७५ वजा केले तर ४० च उरतात आणि ते ५४ मध्ये बसतात. कागदावर बसतात. प्रत्यक्षात कार्ड आपली गरज अशी वाटून घेत नाही. पुष्कळ कार्डे खाचेतून थोडी आणि आठ पिनांच्या केबलमधून बरीच जास्त वीज ओढतात, शिवाय काही मिलिसेकंदांपुरती ही ओढ सरासरीच्या पुष्कळ वर जाते. हार्ड डिस्कसाठी केलेल्या त्या बारीक जोडणीतून असा प्रवाह रेंडरिंग चालू असताना तासन् तास वाहू लागला की प्लॅस्टिक मऊ होते, कधी करपते. हा कनव्हर्टर कोणी फुकट लावून दिला तरी लावून घेऊ नका.

आता एकूण बेरीज. प्रोसेसरचा अधिकृत आकडा ६५ वॉट आहे, पण जोर लावल्यावर काही काळ तो त्याच्या वर जातो. मदरबोर्ड, एसएसडी, पंखे, रॅम मिळून चाळीसेक वॉट धरा. त्यात ११५ मिळवले तर आपण २२० पर्यंत पोहोचतो. कार्डाचे उत्पादक मात्र आरटीएक्स ४०६० साठी एकूण ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवतात. २२० आणि ५५० यांत एवढे अंतर का, असे कोणीही विचारील. त्यांना जगातले सगळे ग्राहक धरावे लागतात, त्यात जास्त वीज खाणारे प्रोसेसर असणारेही आले आणि स्टिकरवर ५०० छापून प्रत्यक्षात तेवढे न देणारे स्वस्त एसएमपीएस वापरणारेही आले. म्हणून ५५० ही लक्ष्मणरेषा मानण्याचे कारण नाही. चांगल्या दर्जाचा ४५० वॉटचा एसएमपीएस अशा जुळणीला पुरतो. पण २६० वॉटचा, सात-आठ वर्षे वापरलेला, आवश्यक केबल नसलेला एसएमपीएस पुरत नाही.

‘मग एसएमपीएसच बदलू’ हा पुढचा विचार स्वाभाविक आहे. असेंबल्ड मशीनमध्ये तो अगदी सरळ असतो. ब्रँडेड कार्यालयीन मशीनमध्ये मात्र मदरबोर्डला जाणारी केबल पुष्कळदा नेहमीच्या चोवीस पिनांची नसते. उत्पादकाची स्वतःची, कमी पिनांची असते आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असू शकतो. कॅबिनेट पुन्हा उघडाल तेव्हा मदरबोर्डावर जाणाऱ्या मुख्य केबलच्या पिना मोजा आणि एसएमपीएसची लांबी, रुंदी, उंची लिहून ठेवा. पिना चोवीस नसतील, तर त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेली जोडकेबल मिळते. ती आणि नेहमीच्या आकाराचा नवा एसएमपीएस दोन्ही त्या कॅबिनेटमध्ये नीट बसत असतील तरच हा मार्ग विचारात घ्यावा. झाकण उघडे ठेवून एसएमपीएस टेबलावर ठेवण्याचे सल्ले पुष्कळ जण देतात. ज्या घरात मूल रात्री दोनपर्यंत त्या टेबलाशी बसते, त्या घरासाठी हा सल्ला मी देणार नाही.

मापाची गोष्ट मी स्वतः फसून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मशीनसाठी कार्ड घेतले तेव्हा सगळे हिशेब चोख केले होते. घरी येऊन बसवायला गेले तर हार्ड डिस्क ठेवण्याचा पत्र्याचा पिंजरा आडवा आला. कार्ड दोन बोटे लांब होते. शेवटी तो पिंजरा काढला, हार्ड डिस्क कॅबिनेटच्या तळाशी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर बसवली आणि ती तशीच दीड वर्ष राहिली. म्हणून सांगते : मागच्या पट्टीपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. एका पंख्याची कार्डे साधारण १७ सेंटिमीटरच्या आसपास असतात, दोन पंख्यांची २० ते २५, आणि तीन पंख्यांची ३० पर्यंत जातात. जाडीही पाहा, बहुतेक कार्डे दोन खाचांची जागा घेतात, म्हणजे शेजारच्या खाचेत काही असेल तर ते काढावे लागेल. वरून केबल जोडायची असेल तर झाकणापर्यंत तीन-चार सेंटिमीटर मोकळे हवेत, नाही तर केबल दाबून झाकण लावावे लागते आणि तीच जागा पुढे तापते.

मॉनिटरचा तिसरा प्रश्न शेवटी घेते. आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातील कळीचा. अडचण कार्डाचीच आहे हे कोणी पाहिले आहे का? एका संध्याकाळी मुलीच्या शेजारी अर्धा तास बसा. तिला ते रडवणारे मॉडेल उघडायला सांगा, कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातील परफॉर्मन्स या भागात जा आणि ती मॉडेल फिरवत असताना आकडे पाहत राहा. मेमरीचा आकडा ९५ टक्क्यांवर जाऊन चिकटला आणि त्याच वेळी एसएसडीचा आलेख उसळू लागला, तर मशीन रॅम संपल्यामुळे अडखळते आहे. त्यावर तीस हजारांचे कार्ड बसवले तरी अडखळतच राहील. प्रोसेसरचा एकच भाग शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत असतील, तर ते स्केचअपचे स्वभावलक्षण आहे, कारण मॉडेल घडवण्याचे बरेचसे काम तो प्रोग्रॅम एकाच कोअरवर करतो. जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपचा, आलेख छताला टेकला, तर मात्र भाचा बरोबर आहे.

माझा अंदाज असा की तुम्हाला पहिले आणि तिसरे दोन्ही दिसेल. आठ जीबी रॅमवर विंडोज, ब्राउझर, स्केचअप आणि रेंडरर एकत्र चालवणे म्हणजे एका खोलीत लग्नाचे वऱ्हाड उतरवण्यासारखे आहे. त्यातच तुमच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते त्याच आठ जीबींतून वाटा घेते. म्हणून पहिला खर्च रॅमचा. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर तशीच दुसरी डीडीआर४ पट्टी घाला. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो आणि वेगही वाढतो. हा बदल पंधरा मिनिटांचा असतो आणि इतर कोणत्याही निर्णयाआधी तो करून पाहता येतो.

याच बैठकीत मॉडेलकडेही पाहा. आर्किटेक्चरची मुले झाडे, सोफे, गाड्या, माणसे आयती डाउनलोड करून मॉडेलमध्ये टाकतात आणि कधी कधी एकट्या सोफ्यात अख्ख्या इमारतीपेक्षा जास्त रेषा असतात. त्याच्या शिलाईचा टाकासुद्धा कोणी तरी त्रिमितीत काढलेला असतो. तो सोफा रेंडरमध्ये नखाएवढा दिसणार असतो. न वापरलेले घटक काढून टाकण्याची सोय स्केचअपमध्ये आहे, मॉडेलच्या माहितीतील आकडेवारीच्या पानावर. मुलीला त्या सोयीचे नाव माहीत असेल, पण सबमिशनच्या धावपळीत ती वापरायला कोणाला आठवते? मी हे कार्डाऐवजी सुचवत नाही. पण सहा जीबी मेमरीचे कार्ड पुरेल की बारा जीबीचे लागेल याचे उत्तर पुष्कळदा त्या सोफ्यांत असते.

धाकट्याविषयीच्या शंकेबद्दल थोडक्यात लिहिते. ती खरी असेलही. पण लुमियन, डी५, एन्स्केप, ट्विनमोशन यांसारखे रेंडरिंगचे प्रोग्रॅम चालवणारी चिप आणि गेम चालवणारी चिप एकच असते. ट्विनमोशनचा तर गाभाच अनरिअल हे गेम बनवण्याचे इंजिन आहे. म्हणजे ताईसाठी योग्य असलेले कोणतेही कार्ड धाकट्याच्या उपयोगाचे असणारच, त्यात कटाचा वास घेण्यात अर्थ नाही. त्याने किती वेळ खेळावे हा प्रश्न दहावीच्या वेळापत्रकाचा आहे, त्याचे उत्तर कमी ताकदीचे कार्ड घेऊन मिळणार नाही. मैत्रिणीच्या घरी ती रात्र कोणाला काढावी लागली, हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

आता नावे. तुमचे कॅबिनेट आणि एसएमपीएस आहे तसा ठेवून घालता येईल असे आज सर्वांत समजूतदार कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार. तो २०२४ मध्ये आला, त्याची गरज ७० वॉटची आहे, त्यामुळे साध्या मॉडेलांना वेगळ्या केबलची गरज नसते आणि सगळी वीज खाचेतून मिळते. उत्पादक यासाठी ३०० वॉटचा एसएमपीएस सुचवतात आणि तुमचा २६० चा आहे, हे मी लपवत नाही; पण वरचीच बेरीज इथे १७५ च्या आसपास थांबते, म्हणजे पाऊणशेहून अधिक वॉट शिल्लक राहतात आणि कोणतीही तार जुगाडाने जोडावी लागत नाही. हा फरक मला पुरेसा वाटतो. दोन गोष्टी मात्र तपासा. काही कार्यालयीन मशीनमध्ये त्या खाचेला पूर्ण ७५ वॉट दिलेले नसतात. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये खाचेचे वॉट लिहिलेले असतात, ते पाहा. आणि घेताना कार्डाच्या कडेला वीज जोडण्याचे तोंड नाही याची खात्री करा, कारण याच नावाने जास्त वेगाची म्हणून तशी मॉडेलेही येऊ शकतात.

नावावरून आठवले. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डे बाजारात आहेत. ८ जीबीचे कार्ड २०२२ चे, १३० वॉटचे आणि २५६० कोअरचे आहे. ६ जीबीचे कार्ड २३०४ कोअरचे असून त्याचा मेमरीकडे जाणारा रस्ताही अरुंद, १२८ ऐवजी ९६ बिटांचा आहे. खोक्यावर दोन्हींचे नाव एकच आणि फरक फक्त मेमरीच्या आकड्यात, त्यामुळे ८ जीबीचे जुन्या भावात मिळते म्हणून कोणी पुढे केले तर ते तुमच्या एसएमपीएसवर चालणार नाही, आणि ६ जीबीचे त्याच्या भावात विकले तर तुम्ही फसाल. असाच दुसरा सापळा जीटी ७३० चा आहे. ‘४ जीबीचे कार्ड, अगदी स्वस्त’ म्हणून ते आजही दुकानांत टांगलेले दिसते. चिप २०१४ ची आहे; ती चार जीबी मेमरी म्हणजे बैलगाडीला ट्रकची टाकी लावल्यासारखी आहे.

ताकदीने थोडे जवळचे आणि वीज कमी खाणारे म्हणून एएमडीचे आरएक्स ६४०० ही सुचवले जाते. तुमच्या मशीनसाठी ते मी टाळीन, कारण ते मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी बोलते आणि तुमच्या तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेत त्या चार मार्गिकांचा वेगही निम्मा होतो. मेमरी चारच जीबी असल्यामुळे मोठे मॉडेल आले की नेमकी तीच अडचण पुढे येते. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार नावाची सोय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू असावी लागते, आणि त्या पिढीच्या कार्यालयीन मशीनमध्ये ती सहसा नसते. रेंडरिंगच्या प्रोग्रॅमांना एनव्हिडियाची, म्हणजे आरटीएक्स बनवणाऱ्या कंपनीची, कार्डे अधिक मानवतात हाही व्यावहारिक मुद्दा आहे.

एसएमपीएस बदलता येतो असे मापावरून निघाले, तरच आरटीएक्स ४०६० किंवा त्यानंतरचे ५०६० यांचा विचार करा. त्या रांगेत मला मुलीच्या कामासाठी जुने आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचे, अजूनही आकर्षक वाटते. वेगात ते ४०६० च्या मागे आहे, पण दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले नाही की रेंडरर एक तर फार मंदावतो किंवा सरळ बंद पडतो, आणि त्या क्षणी वेगवान आठ जीबींपेक्षा संथ बारा जीबी बरे. त्याची गरज १७० वॉटची आहे, हे विसरू नका. बॉटलनेकबद्दल भाच्याला माझ्यातर्फे एवढेच सांगा की तो शब्द गेमच्या जगात खरा आहे, कारण तिथे प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला आधी तयारी करून द्यावी लागते. अंतिम रेंडर काढताना मात्र प्रोसेसर दृश्य एकदा कार्डाच्या हवाली करतो आणि नंतर बराच वेळ वाट पाहत बसतो. सहा कोअरचा आय५-८५०० त्या वाट पाहण्याला अगदी पुरेसा आहे. शिवाय आठव्या पिढीचा असल्यामुळे तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यानंतर ही लहान गोष्ट राहिलेली नाही.

सेकंड हँडचा मोह होईल, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत जुनी कार्डे मुबलक आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने नवे चलन काढण्याची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. तेव्हापासून जुन्या कार्डाचा इतिहास विचारल्याशिवाय घेऊ नये. जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १०८० ही एके काळची नावाजलेली कार्डे तर आता सोडूनच द्या, कारण एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीसाठी नवे नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे थांबवले असून पुढे फक्त सुरक्षेची डागडुजी होणार आहे. शिवाय किरणांचा माग काढून प्रकाश दाखवण्याची जी सोय नवे रेंडरर वापरतात, ती या कार्डांच्या हार्डवेअरमध्ये नाही. नवे घ्या, पक्के बिल घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातील आहे ना ते विचारा.

पाच वर्षांची अट मात्र तुम्ही सोडावी अशी माझी विनंती आहे. बी.आर्क.चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे; तुम्हाला खरी गरज थीसिसपर्यंतच्या अडीच-तीन वर्षांची आहे. नंतर ती नोकरीला लागेल, तिथे तिला कार्यालयाचे मशीन मिळेल किंवा तिला स्वतःचा लॅपटॉप लागेल, आणि त्या वेळी तिला काय हवे हे आज तुम्ही, मी किंवा भाचा कोणीच ठरवू शकत नाही. लॅपटॉप आत्ताच घ्यावा का, असा प्रश्न कोणी विचारील, तर ३५,००० रुपयांत या कामाचा नवा लॅपटॉप येत नाही, एवढे उत्तर पुरे.

म्हणून माझा हिशेब असा. आधी रॅम आणि टास्क मॅनेजरची ती संध्याकाळ. जीपीयूचा आलेख छताला टेकलेला दिसला तर आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. त्याला तुमच्या रकमेचा साधारण अर्धा भाग लागेल, दोन-तीन दुकानांत विचारून घ्या. उरलेल्या पैशांतून आधी मॉनिटर बदला. हे चैन म्हणून सुचवत नाही. नव्या कार्डांना व्हीजीए जोडणी नसते, बहुतेकांना एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात; सिग्नल बदलणारा अडॅप्टर मिळतो, पण जी मुलगी रंग, सावल्या आणि काचेवरचे प्रतिबिंब यांवर रात्री घालवते, तिने ते १९ इंची जुन्या पडद्यावर पाहणे तिच्या कामावर अन्याय करणारे आहे. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॉटचा असतो. मशीन आणि नवा मॉनिटर त्यावर निभावतील, मात्र त्याच पट्टीवर प्रिंटर लावू नका आणि बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहा.

आणि कार्ड बसवल्यानंतर मॉनिटरची केबल कुठे लावली ते स्वतः डोळ्यांनी पाहा. मशीनच्या मागे आता दोन ठिकाणी चित्राची तोंडे असतील : वरच्या बाजूला मदरबोर्डाची जुनी, आणि खाली आडव्या पट्टीवर कार्डाची नवी. हात सवयीने वरच्याकडेच जातो. मग एक तर पडदा काळा राहतो आणि कार्ड बिघडलेले निघाले म्हणून दुकानात भांडण होते, किंवा चित्र दिसते, सगळे पूर्वीसारखेच अडखळते, आणि कार्ड बाजूला नुसते पंखे फिरवत बसते. आमच्याकडे हे झाल्यावर मी वरच्या तोंडांवर कागदी टेपची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनाने फुली मारली. ती अजून तिथेच आहे.